कोपरा फाटलेलं कार्ड

काल जुन्या डिक्शनरीतून एक परदेशी तिकीट पडलं, पोस्टकार्डाच्या कोपऱ्यासकट. 

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मेडशीचे आमचे काका एका साहेबाचे खानसामा होते. साहेबानं त्यांना भूमध्य समुद्रात आठ दिवसांच्या बोटीच्या सफरीला नेलं होतं. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. काकांचं चित्राचं कार्ड डाकवाल्यानं माझ्या हाती दिलं. मित्रांना दाखवायला मी तिकीट कोपऱ्यासकट फाडून घेतलं. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मेल्याची खबर, हे शिकलेला मी विसरलो.

काकूला वाचता येत नव्हतं, पण कोपरा दिसला. "ते उंबऱ्याच्या आत आनू नको," ती हळूच म्हणाली.

"काकू, म्याच फाडलं व! हे पाह्य तिकीट. काका खुशाल हायेत, रोज नवं बंदर पाहून राह्यले."

तिनं चित्र निरखलं. जुनं बंदर, दगडी किल्ला, शेकडो खिडक्या. "एवढं मोठं गाव, अन् मानूस एकबी नाही? असं गाव जित्या मानसाचं नसते. कायले माह्यं मन राखून राह्यला रे?"

भर दुपारी मलाही त्या खिडक्यांकडं पाहवेना.

दिवाळीला काका धडधाकट परतले. भुताचे पाय उलटे असतात, म्हणून भाकरतुकडा ओवाळायच्या आधी काकूनं वाकून त्यांचे पाय पाहिले. मी हसलो.

पुढं वीस वर्षं संसार झाला. काका दारात आले, की ती आधी पाय पाहायची, मग तोंड.