श्रीमान म्हणजे मीच

शॉर्टवेव्हवर दूरदेशीचं स्टेशन ऐकायचं, काय आणि कसं ऐकू आलं ते लिहून पाठवायचं, आणि खात्री पटली की त्या स्टेशनकडून पोचपावतीचं कार्ड येतं. अशी कार्डं जमवायचा मला नाद. नाचणगावच्या घरी बोरीच्या झाडापासून छतापर्यंत एरियलची तांब्याची तार ताणलेली होती. बायकोनं एकदा तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले, तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून होतो.

एका लहानशा देशाचं हिंदी प्रसारण मला काही केल्या सापडत नव्हतं. ते संध्याकाळी अर्धा तास असे आणि मी सेवाग्रामहून नोकरी करून घरी पोचेपर्यंत संपलेलं असे. एके दिवशी आलो तर बायकोनं वही पुढे केली. "तुमचं ते स्टेशन लागलं होतं. भाकरी टाकता टाकता आयकलं म्या."

वहीत सगळं होतं. वेळ, काट्याची जागा, कोणतं गाणं, मध्ये खरखर कधी आली. शेवटी लिहिलं होतं, 'बातम्या सांगणारा दोनदा खोकलला.' मी हसलो, पण अहवालात खोकलाही उतरवला. खाली नाव मात्र माझं घातलं. छंद माझा, रेडिओ माझा, तिकिटं माझी, मग नाव दुसऱ्या कोणाचं घालणार? मनाला तसं शिवलंसुद्धा नाही, आणि याचीच आज लाज वाटते.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. मागे निळ्या शाईत हातानं लिहिलं होतं, 'खाँसी मेरी ही थी. आपके कान बड़े तेज़ हैं, श्रीमान.'

बायकोनं ते वाचलं. "श्रीमान म्हंजे तुमीच ना?" एवढंच म्हणाली आणि कार्ड परत दिलं. त्यानंतर तिनं संध्याकाळी कधी रेडिओ लावला नाही. मला वाटलं, कामातून सवड होत नसेल.

निवृत्त झाल्यावर कार्डं लावत बसलो आणि हे मनात टोचू लागलं. स्टेशनला ईमेल केला, खरं काय ते कबूल केलं, तिच्या नावाचं कार्ड मागितलं. उत्तर सभ्य होतं. शॉर्टवेव्ह प्रसारण बंद झालंय, कार्डंही आता निघत नाहीत.

मी तिला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती.

"मले कार्ड कायले पाह्यजे होतं?" ती म्हणाली. "तुमी लोकायले सांगाचं होतं, का हे इनं आयकलं."

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते कार्ड दाखवलं होतं, कान कसे तेज आहेत ते वाचून दाखवलं होतं. आणि दर वेळी चहाचा ट्रे घेऊन तीच तिथे उभी होती.