डावखुऱ्याची बॅट

टेबल टेनिसच्या बॅटचं रबर ज्यानं साबणानं धुतलं, त्याच्याशी मी त्या दिवसापुरतं बोलत नसे. कचेरीच्या रिक्रिएशन हॉलमध्ये मला त्यावरून एक नाव पडलं होतं. ते इथं सांगण्यासारखं नाही. कापूस पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, मुठीकडून वरच्या कडेकडे एकाच दिशेनं पुसायचं, सावलीत वाळवायचं, रबरावर पातळ प्लास्टिक चढवायचं आणि मग बॅट पिशवीत. आमच्याकडचं पाणी जड, वाळलं की पांढरा थर धरणारं. म्हणून मी ते आदल्या दिवशी उकळून गाळून ठेवायचो. बायको म्हणायची, "देवाचं पण एवढं करत नाही तुम्ही." खरंच करत नव्हतो.

या कटकटीला कारण होतं. स्वच्छ रबर बोटाला धरतं, बोट ओढलं तर किंचित अडवतं. जिथं तेलकट हात लागला तिथं बोट निसटतं, आणि बोट निसटतं तिथं चेंडूही निसटतो. त्यातून हा तेलकटपणा लगेच दिसतही नाही. चार-आठ दिवस बॅट तशीच राहिली की त्या जागेची चकाकी मरते आणि बोटाच्या आकाराचा डाग उमटतो.

दुहेरीतला माझा जोडीदार या बाबतीत माझा वैरी होता. तो डावखुरा, मी उजवा, त्यामुळं टेबलाजवळ आम्ही एकमेकांच्या पायात येत नसू. दहा वर्षं आम्ही जोडीनं खेळलो. पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, जन्मलेला, शहागंजच्या मागच्या गल्लीत आईबरोबर राहणारा. लग्न केलं नव्हतं; "दुहेरी तुझ्यासंगं खेळतो तेवढी बास झाली," म्हणायचा. कचोरी खाल्लेल्या हातानं बॅट धरायचा, एप्रिलच्या उन्हात ती स्कूटरच्या सीटवर विसरायचा. डाव्या हाताची तर्जनी जिथं टेकते, तिथं बॅटच्या मागच्या बाजूला खालच्या कडेशी त्याचा एक कायमचा डाग असायचा. मी शिव्या घालत त्याचीही बॅट पुसायचो. तो हसत बघायचा.

"कधीतरी मळकी ठेव की रे," एकदा म्हणाला. "माणूस खेळला असं तर वाटू दे."

पुढं एका पावसाळ्यात खुलताबादहून येताना घाटात त्याची स्कूटर घसरली. चाळिशीही गाठली नव्हती.

चाळीस दिवस झाल्यावर त्याच्या आईनं मला बोलावून घेतलं. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, मीही म्हणायचो. उभा जन्म त्यांनी हिमरूच्या रेशमी शाली विणत मागावर काढला होता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा. कोनाड्यात बॅट होती.

"ही ब्याट तुमीच पुसत होता ना, बेटा?" त्या म्हणाल्या. "मग दर इतवारी येऊन पुसत जाव. पर घराभायेर न्यायची नाय."

मी तिथंच बसून पुसली. रबरावर त्याचा डाग होता. हाताला सवयच अशी की मी काय करतोय हे कळायच्या आत डाग गेला. जित्याची खोड म्हणतात ती हीच. वाळवून, प्लास्टिक चढवून मी पिशवीची नाडी माझ्या पद्धतीनं बांधली; दुहेरी फास, वर उलटी गाठ. ती दुसऱ्याला सहसा सुटत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी गाठ जशीच्या तशी होती. ती सोडली, प्लास्टिक काढलं आणि बॅट उजेडात धरली. मागच्या बाजूला, खालच्या कडेशी, नेमक्या त्याच जागी डाग होता. डाव्या तर्जनीचा.

अम्मांनी हात पुढं केला. रबराला बोट लावू नये हे सांगायचं मला सुचलं नाही. त्यांनी तर्जनीनं रबर चाचपलं. बोट अडत अडत गेलं, डागाशी आल्यावर सुळकन निसटलं. तिथं त्या थांबल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बोट हाय."

एवढंच बोलल्या. मी समजायचं ते समजलो. पुसलं, गाठ मारली आणि घरी येऊन जेवलो नाही.

तो दर रविवारी यायला लागला. मी पुसायचो, आठवड्यानं डाग हजर. मी कधी भुताखेतांना मानलं नव्हतं, पण शनिवारी रात्री मी दिवा मालवायचो नाही. त्यांच्या घरात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज आवाज नसायचा. एकदा ती टिकटिक मला टेबलावर पडणाऱ्या चेंडूसारखी वाटली, तेव्हा मी चहा अर्धा टाकून निघालो. पण पुढच्या रविवारी परत गेलो, कारण अम्मा आधी दोन घासांवर होत्या त्या आता माझ्यासाठी रांधायच्या आणि माझ्याबरोबर बसून जेवायच्या.

मग निवडणुकीच्या कामासाठी आमचा हॉल आठवडाभर अडकला आणि माझी बॅट घरी पिशवीत पडून राहिली. काढून बघतो तर तिच्यावरही डाग. डाव्या तर्जनीचा. माझ्या घरात, माझ्या बॅटवर, माझ्या गाठीच्या आत तो आला होता.

घटकाभरानं धीर करून कापूस घेतला आणि पुसायला लागलो. तेव्हा माझं लक्ष माझ्याच हाताकडं गेलं. उजव्या हातात कापूस, म्हणून बॅट डाव्या हातात. आधी मागची बाजू पुसून झाली होती, आता पुढची पुसत होतो, आणि माझी डावी तर्जनी मागच्या स्वच्छ रबरावर, खालच्या कडेशी, आरामात टेकलेली होती. माझी बॅट रोज खेळात असल्यामुळं हे कधी दिसलं नव्हतं. उजव्या हाताचा माणूस बॅट पुसताना डावखुरा होतो, एवढीच ती गोष्ट.

मी खूप हसलो. आणि मग अम्मांचं थांबलेलं बोट आठवलं. त्या म्हाताऱ्या माणसानं इतके रविवार माझ्या बोटावर बोट ठेवलं होतं.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढचे तीन महिने मी जाणूनबुजून बोट टेकवत राहिलो. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

मग जालन्याहून त्यांच्या मुलीचं मला पत्र आलं. डॉक्टर म्हणत होते, आता ऑपरेशन केलं नाही तर डोळे कायमचे जातील. पण अम्मा हलायला तयार नव्हत्या, तुम्हीच समजावा. मी विषय काढला.

"नक्को," अम्मा म्हणाल्या. "मी तिकडं गेले आन् हिकडं इतवारी तो आला तर?"

माझ्या एका बोटाच्या डागापायी ती बाई आंधळी होणार होती. त्याच दुपारी मी ठरवलं. बॅटच्या मुठीला रुमाल गुंडाळला, रुमालातूनच धरली आणि पुसली. बोट कुठंही लागू दिलं नाही. दोन्ही बाजू उजेडात धरून बघितल्या, वाळेपर्यंत नजर हलवली नाही, कडांना धरून प्लास्टिक चढवलं आणि गाठ मारली. पुढच्या रविवारी रबर कोरं निघेल, अम्मा विचारतील आणि मी सांगून मोकळा होईन, असा हिशेब होता.

रविवारी गाठ मी स्वतः सोडली. माझीच होती; दुहेरी फास, वर उलटी. प्लास्टिक सोलून रबराकडं न बघता बॅट अम्मांच्या हातात दिली. त्यांचं बोट रबरावरून अडत अडत गेलं. खालच्या कडेशी येऊन ते थांबलं. माझ्याच्यानं राहवेना.

"अम्मा, काही सापडणार नाही," मी म्हणालो. "तो डाग माझा होता. पुसताना माझंच बोट लागायचं. मला कधीचं कळलंय, पण तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. माफ करा. आता जालन्याला जा."

त्यांनी मान वर केली. रागाचं चिन्ह नव्हतं.

"मला म्हाईत हाय, बेटा. पयल्या इतवारपासून म्हाईत हाय. बारीक असताना मागावर कातरीनं त्याचं बोट कापलं होतं. आडवी खूण होती. तुमी पुसायच्या आधी मी रोज त्या डागाला हात लावत होते. तुमच्या बोटाला खूण नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी येत होता. आन् तो येईल म्हणून मी थांबले होते."

दहा वर्षं मी त्याचा डाग पुसला होता. त्याचं बोट कधी बघितलं नव्हतं.

अम्मांनी माझा हात धरला. अंधारात तुटलेला एक धागा शोधणारी ती बोटं, त्यांनी माझी तर्जनी उचलून रबराच्या खालच्या कडेशी ठेवली आणि सावकाश ओढली. रबरानं बोट धरलं. मग बोट निसटलं. मध्येच दोराभर जागेत ते परत अडलं. आणि परत निसटलं.

मी खाली बघितलं. दारातून स्वच्छ ऊन येत होतं. डाग होता, आणि डागावर आडवी, केसासारखी बारीक, कोरी रेघ होती.

"आला," अम्मा म्हणाल्या. "आता जालन्याला पत्र लिवा. येते म्हणावं."

उकळून गाळलेलं पाणी वाटीत तयार होतं. कापूस माझ्या दुसऱ्या हातात होता, पिळलेला. मी तो खाली ठेवला. बॅट तशीच, न पुसता, प्लास्टिकही न चढवता पिशवीत सरकवली आणि कोनाड्यात ठेवली. गाठ मारली नाही.