कॉमा, उभ्या राहा

“कॉमा, उभ्या राहा!”

कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला सर मला अशीच हाक मारायचे. वाघोलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, माझं पहिलं वर्ष, भरलेला वर्ग. सर इंग्रजी वाक्य वाचायला घ्यायचे. “ऑन मंडे मॉर्निंग...” एवढं म्हणून थांबायचे. तिथं मी उठायचं, मान वाकवून कॉमासारखं व्हायचं आणि खाली बसायचं. मग सर पुढचं वाचणार. वर्ग खो खो हसायचा.

हे सुरू झालं माझ्या एका अर्जावरून. आई मंडईत कोथिंबीर-मिरची विकते. तिचं ऑपरेशन होतं, म्हणून मी कॉलेजला गेले नव्हते. गैरहजेरीचा अर्ज इंग्रजीत लिहिला. सुरुवातीला ‘आईच्या आजारपणामुळे’ एवढं लिहिलं आणि पुढे कॉमा द्यायचा राहिला. येरवड्याच्या आमच्या मराठी शाळेत हे कुणी शिकवलंच नव्हतं. सरांनी तो अर्ज सगळ्यांसमोर एका दमात वाचला, छाती धरली, खोट्या धापा टाकल्या.

“अहो मॅडम, आपण श्वास घेता की नाही कधी?”

पोरं हसून हसून बाकावर आडवी. आई कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही.

अरे, चुकलं तर लाल पेनानं खूण करा! शिकवा! त्याचाच पगार घेता ना? पण हे सगळं मनात. इंटरनलचे मार्क सरांच्या हातात. विषय राहिला की माझी शिष्यवृत्ती बंद. म्हणून वाकत राहिले. घरी आई विचारायची, “नीट शिकवतात ना गं?” मी म्हणायचे, “हो.” लाज वाटायची, आणि संताप यायचा तो स्वतःचाच.

मग एक दिवस सरांनी फळ्यावर माझंच वाक्य लिहिलं. आईचं आजारपण, जसंच्या तसं. वळून म्हणाले, “चला, कॉमा!”

अंगाचा तिळपापड झाला. उठले. मान वाकवली नाही. बसलेही नाही.

“काय झालं? बसा.”

“आधी माझं नाव घ्या, सर.”

ते हसले. मग त्यांचा हात हजेरीपटाकडे गेला. पानं उलटत राहिले. त्यांना माझं नावच माहीत नव्हतं! इतके महिने नाचवलं मला, आणि नाव माहीत नाही.

“इंटरनल माझ्याकडे आहेत, विसरू नका.”

“नाही विसरले.”

तास संपेपर्यंत उभी होते. या वेळी कुणी हसलं नाही.

काल मार्क लागले. मी नापास. लगेच प्राचार्यांकडे तक्रार केली, उद्या दोघांनाही बोलावलंय. सर म्हणणार, गंमत होती हो. वर्गातल्यांना विचारलं तर तेही माना डोलावणार. डोलावू देत. शिष्यवृत्ती गेली तर सकाळी आईबरोबर गाळ्यावर बसेन आणि विषय पुन्हा देईन. पण त्या केबिनमध्ये सरांनी माझं पूर्ण नाव घेतल्याशिवाय मी खुर्चीवर बसणार नाही.