आड्यांच्या घराचा चौक

नवऱ्याला मी नावानं हाक मारते. वणीत अजूनही काही जणींना ते खटकतं, तर खटकू दे. सदाशिव घरांचे नकाशे काढतो. शिक्षण डिप्लोमापर्यंतच, पण तीस वर्षं लोक त्याला इंजिनिअर साहेब म्हणतात आणि तोही कधी दुरुस्ती करत नाही.

त्याची घरं लहान प्लॉटवरची. अठरा फूट रुंद, पंचेचाळीस लांब, दोन्ही बाजूंना शेजारी चिकटलेले. अशा ठिकाणी बाकीचे लोक शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे खिडक्या काढून देतात, आणि शेजाऱ्यानं बांधलं की घरात भरदिवसा दिवे लावावे लागतात. सदाशिवला याची भयंकर चीड. दुसऱ्याच्या जागेवरून उजेड आणायचाच नाही, असा त्याचा हट्ट. घराच्या मधोमध तो चौक मोकळा सोडायचा, वर थेट आभाळ. तो चौक कुठे सोडायचा हे ठरवण्याची त्याची पद्धत अख्ख्या गावाला ठाऊक होती, कारण त्यात माझी शोभा व्हायची. मला रिकाम्या प्लॉटवर उभं करून हा शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढायचा आणि ओरडायचा, "दिसतेस!" मी दोन पावलं सरकायची. "अजून दिसतेस!" पुन्हा सरकायची. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. एकदाचं "गेलीस, आता नाही दिसत" आलं की तिथे चुन्यानं खूण करायची. त्या जागी घरातली बाई केस मोकळे सोडून बसेल आणि तिच्यावर कोणाची नजर पडणार नाही. मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

लखन आडे आमच्याकडे आला तेव्हा राजूरकडच्या एका कोळसा खाणीत डंपर चालवत होता. केळापूर तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरचा माणूस, वणीत त्यानं प्लॉट घेतला होता. सोबत बायको अंजू आणि आई जमनीबाई. अंजूला आडोसा हवा होता. जमनीबाईला दुसरंच काही हवं होतं.

"साहेब, मले घरात बसून आभाय दिसलं पायजे," ती म्हणाली. "नाई तं मी आपली तांड्यावरच बरी."

सदाशिव त्या दिवसापासून खुळावला. इतक्या वर्षांत कोणी गिऱ्हाईक त्याच्याकडे आभाळ मागायला आलं नव्हतं. दोन मजल्यांचं घर, मध्ये आठ बाय आठचा चौक, वर गच्चीवर त्या पोकळीभोवती तीन फुटांचा कठडा. पहिल्या नकाशात वर लोखंडी जाळी होती. ती त्यानंच खोडली. जाळीच्या सावलीनं फरशीवर चौकटी पडतात, ऊन नासतं, म्हणाला. कठडा आहे, कोण पडतंय? आणि खरंच, वास्तूच्या दिवशी त्या चौकात सकाळचं ऊन असं स्वच्छ उतरलं होतं, की जमनीबाई पाटावर बसली ती जेवायलाही उठेना. सदाशिव दारातून तिच्याकडे बघत होता. एवढा खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पण वणी आहे ही, कोळशाच्या खाणींचं गाव. सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी चाललं की तळवे काळे होतात. वरून उघडा चौक म्हणजे धुळीला आमंत्रणच. अंजू दिवसातून चारदा झाडायची, भाकरीच्या पिठावरही काळे कण दिसायचे. पुढच्या उन्हाळ्यात लखनचा फोन आला. आम्ही जेवत होतो, सदाशिवचा हात वरणाचा, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, चौकावर फायबरची शीट टाकू का? धूळ लई येऊन राह्यली."

"टाका ना, चालते," सदाशिव म्हणाला. "पांढरी घ्या फक्त, उजेड आला पाहिजे." आणि माझ्याकडे लोणचं मागितलं.

खाली जाळी टाका, हे त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

चार महिन्यांत पांढरी शीट काळी झाली. अंजूनं नंतर मला सांगितलं, सासूबाई रोज कुरकुरायच्या, आभाळ तर गेलंच, आता उजेडही गेला म्हणून. एका सकाळी लखन पहिल्या पाळीला गेला होता आणि अंजू मुलीला शाळेत सोडायला. जमनीबाई बादली आणि खराटा घेऊन गच्चीवर गेली. कडेकडेनं तिनं शीट धुतली. मधोमध हात पोचेना, म्हणून कठडा ओलांडून शीटवर पाय ठेवला. अंजू परत आली तेव्हा ती खाली चौकात होती. दवाखान्यात न्यायचीही वेळ उरली नव्हती.

तेरवीला आम्ही तांड्यावर गेलो. सगळे सतरंजीवर, आम्हा दोघांनाच खुर्च्या. जेवणं आटोपली आणि लखनची मोठी बहीण लालीबाई भर मांडवात उभी राहिली. तिला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची होती, आणि ती तिनं तांड्याचे प्रमुख रामधन नाईक यांना विचारायला लावली. नाईक म्हणाले, "लखन, शीट टाकाच्या आंधी साहेबाले इचारलं होतं का?"

लखननं सदाशिवकडे पाहिलं. सदाशिवनं मान खाली घातली. घाबरला तो. गावात त्याची तीन घरं चालू होती, नाव होतं, आणि त्या क्षणी त्याला तेवढंच दिसलं. दुसरं कारण मी शोधणार नाही.

"नाही," लखन म्हणाला. "म्याच टाकली, मनानं."

"म्हंजे तूच मारलं याडीले," लालीबाई म्हणाली. याडी म्हणजे आई. "सुखानं राहाले आलती तुह्या घरी. आता मले माहेर नाही. तुह्या घरचं पानी बी नाही." अंजू पदरात तोंड घालून रडायला लागली.

माझं डोकं फिरलं. खुर्चीखालून मी सदाशिवच्या पायावर पाय दिला. "बोल," म्हटलं, "नाहीतर मी बोलते."

तो उठला आणि सगळं बोलला. लखनचा फोन आला होता, मी 'चालते' म्हणालो होतो. जाळी नकाशात होती, ती माझ्या हातानं खोडली. चूक माझी आहे, लखनची नाही. मला वाटलं, आता दगड येतील, आणि आले तर बरंच होईल.

रामधन नाईक उठून आले. त्यांनी सदाशिवचे दोन्ही हात हातात घेतले.

"साहेब, मन लई मोठं हाय तुमचं. दुसऱ्याच्या पोरासाठी येवढं अंगावर कोन घेते?"

"नाईक, मी खरं सांगतोय."

"समजते, साहेब, समजते." बायका माना हलवत होत्या. कोणीतरी हात जोडले.

मी उभी राहिले. "फोन माझ्यासमोर झाला. मी कानानं ऐकलंय."

लालीबाईनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही त्याईच्या घरच्या. ते म्हन्तीन तेच तुम्ही म्हनान."

पुढे कोणी ऐकेना. नाईकांनी स्वतः चहा आणून दिला, साखर जास्त घातलेला. सदाशिवनं कप हातात धरला, पण ओठाला लावला नाही. इतक्या वर्षांचं साहेबपण त्याला नको तिथे आडवं आलं होतं.

गाडीपर्यंत लखन सोडायला आला. मी विचारलं, "तू खोटं काहून बोलला रे?"

"काकू, खरं बोललो असतो तं लोक म्हनले असते, सोताची चूक साहेबावर ढकलून राह्यला," तो म्हणाला. "असंबी म्याच, तसंबी म्याच."

सदाशिव म्हणाला, "लखन, मी उशीर केला. पण शेवटी सांगितलं ना मी."

लखननं मागे मांडवाकडे पाहिलं. लालीबाई तिचं गाठोडं बांधत होती.

"ते सांगाले नोहतं पायजे, साहेब. बहीन दोन-चार सालानं तरी आली असती घरी," तो म्हणाला. "आता तिले वाटते, खोटं बोलाले म्याच तुमाले शिकवून आनलं."