सव्वापाचचा पंडित

इंग्लंडमधल्या ओल्डहॅम गावच्या बेरिल क्लेगच्या घरात दिवसाढवळ्या टीव्ही लावणं म्हणजे सकाळीच दारूला बसण्यासारखं होतं. सव्वापाच वाजले की मात्र तिच्या अंगात वारं शिरायचं. मांडीवर ट्रे, त्यात सॉसेज आणि बटाटे, बाजूच्या खुर्चीत नवरा विल्फ आणि समोर प्रश्नांचा कार्यक्रम. घरचा नियम एकच, ज्याची उत्तरं कमी त्याने भांडी घासायची.

अकरा वर्षं भांडी बेरिलच घासत आली होती, आणि तीही मिरवत! पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला, जन्मभर बस चालवलेला तिचा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकायचा.

"मेल्या, हे शिकलास कुठे?"

"बसमध्ये लोक बोलतात. आपण ऐकायचं."

भांडी पुसायचं फडकं कुठे टांगतात हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं, पण पेरू देशातली तळी पाठ होती. बेरिलने त्याची कीर्ती खाटकापासून चर्चपर्यंत पोचवली. शेवटी तिने त्याला न सांगता त्याच्या नावाने कार्यक्रमात भाग घ्यायचा अर्जही धाडला.

मंगळवारी सकाळी पत्र आलं, चाचणीला या. बेरिल कोट चढवून तडक टेकडीवर गेली. तिथे भाजी लावायला घेतलेला विल्फचा जमिनीचा तुकडा होता आणि रोजची सकाळ तो तिथेच घालवायचा. त्याच्या खोपटाला कुलूप होतं. शेजारच्या तुकड्यावर रॉनी कांदे उपटत होता.

"विल्फ? अगं, अकराला तो इथे कसा सापडेल? एडनाकडे असणार. तुमचा तो संध्याकाळचा भाग सकाळी दुसऱ्या चॅनेलवर आधीच लागतो ना, तो बघायला."

"रोज?"

रॉनी एकदम कांद्यात गढून गेला.

एडना म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची विधवा, गुरुवारच्या पत्त्यांतली बेरिलची जोडीदारीण. बेरिल तिच्या खिडकीशी पोचली तेव्हा पडदे उघडेच होते. एडना ओरडून उत्तरं देत होती आणि मांडीवर ट्रे घेतलेला विल्फ पोट धरून हसत होता. घरी तो असा कधीच हसला नव्हता. बेरिलने पत्र पर्समध्ये कोंबलं आणि ती परतली.

संध्याकाळी तोच भाग, निवेदकाचा तोच जांभळा टाय.

"टिटिकाका!" विल्फ ओरडला.

बेरिलला त्या आवाजाची शिसारी आली. उत्तरांची चोरी तिने हसण्यावारी नेली असती. दुसऱ्या घरातला तो ट्रे तिच्या घशाखाली उतरेना. विल्फची सात उत्तरं झाली, तिचं एकही नाही. कार्यक्रम संपला तशी त्याने सवयीने ताटली तिच्यापुढे केली.

तिने ती घेतली नाही.

"एडनाकडे भांडी कोण घासतं रे?"

विल्फने ताटली परत ट्रेमध्ये ठेवली.

"मी. तिला खरंच सगळं येतं गं."