फ्राइड राइस आणि एक ‘वा!’

आमच्या ह्यांना स्वयंपाकाबद्दल दोनच शेरे येतात. पदार्थ बिघडला असेल तर “असू दे” आणि उत्तम जमला असेल तर “बरा झालाय”. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली. पुरणपोळीपासून बिर्याणीपर्यंत सगळं करून झालं, पण पारा ‘बरा झालाय’च्या वर कधी चढला नाही. माझी तक्रार नव्हती. पुण्यातल्या माणसानं ‘बरा झालाय’ म्हणणं म्हणजे दुसऱ्या गावात हार-तुरे देण्यासारखंच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

ती समजूत माझ्या धाकट्या जावेनं मोडली. तीही चायनीज करून.

दीर आणि जाऊ कोथरूडला आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात. दोन्ही घरची मुलं शिकायला बाहेरगावी, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं एकत्र जेवतो. मेनू ठरलेला असायचा: कोपऱ्यावरच्या लाल कंदीलवाल्याकडून फ्राइड राइस, नूडल्स आणि मंचुरियन. रबर लावलेले ते प्लास्टिकचे डबे आले की आम्हा दोघी जावांचे चेहरे सारखेच उजळायचे. कुणी केलेलंच नाही, मग कौतुक तरी कुणाचं होणार? फार सुखाचे शनिवार होते ते.

एका शनिवारी जावेनं रिकाम्या डब्यातून बोट फिरवलं आणि ते ट्यूबलाइटखाली धरलं.

“ताई, तेल बघा हे. पुढच्या वेळेपासून मी घरीच करणार.”

“कर की!” मी म्हटलं. मनात म्हटलं, कर, आणि बस चिकट भात खरवडत.

पुढच्या शनिवारी वर गेलो, तर ही लांब दांड्याची काळी कढई घेऊन सज्ज. गॅस फुल्ल. गाजर, कोबी, श्रावणघेवडा, सगळं आगपेटीतल्या काड्यांसारखं एकसारखं चिरलेलं. आणि मग तिनं भात उडवला. चक्क हवेत! भात वर गेला, आमच्या ह्यांची मान वर गेली. भात खाली आला, मान खाली आली. माझ्या पोळ्या वर्षानुवर्षं फुगताहेत, पण ओट्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही या माणसानं. पानं वाढली, ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “वा!”

मला वाटलं, शेजारच्या घरातला टीव्ही.

“अहो, काय म्हणालात?”

“वा म्हणालो. का, म्हणायचं नाही?”

“म्हणा की. तुम्हाला तो शब्द येतो हे माहीत नव्हतं.”

दीर हसले. जाऊ लाजली. लाजताना ती जरा जास्तच सुंदर दिसते, हेही मला त्याच दिवशी कळलं.

झालं. मला तो ‘वा’ हवा होता. दुसरा कुठलाही चालणार नव्हता, तोच, त्याच तोंडून. कृती विचारली, तर जाऊ म्हणाली, “काही नाही हो ताई, सगळं अंदाजानंच.” हे उत्तर मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या मोदकांबद्दल विचारणाऱ्या बायकांना मी हेच देते. तरी एक गोष्ट तिच्या तोंडून निसटली: भात आदल्या दिवशीचा हवा, फ्रिजमधला, गार.

पुढचा शनिवार मी मागून घेतला. सोया सॉस आणला, पातीचा कांदा आणला, कढईसुद्धा आणली, मुद्दाम तिच्यापेक्षा मोठी. बाहेर तिघं पानावर बसलेले. मी परातीत शिळा भात मोकळा केला, तेल तापवलं, आणि इथे घात झाला. आमच्या घरात गार भात कुस्करला की त्याचा एकच पदार्थ होतो. समोर शिळा भात, बाजूला तापलेलं तेल. आज आपल्याला चीनला जायचंय हे हाताला कोण सांगणार? हात सरळ मिसळणाच्या डब्यात गेला. मोहरी तडतडली, हिंग पडला, हळद पडली, आणि सगळ्या घरभर फोडणीच्या भाताचा वास सुटला.

मग वरून भाज्या घातल्या, सोया सॉस ओतला, शेजवान चटणी ओतली, पातीचा कांदा मूठभर. रंग पोलिसांच्या गणवेशासारखा आला. खोवलेल्या नारळाकडे निघालेला हात मात्र वेळेवर धरला. भात उडवायचं धाडस काही केलं नाही, आहे तेवढी अब्रू पुरे होती.

“वा, वहिनी!”

हे दीर. पहिल्याच घासाला. पुन्हा वाढून घेत म्हणाले, “हॉटेलात असा मिळत नाही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. “बरा झालाय,” हे म्हणाले.

मग जावेकडे पाहिलं, आणि काय सांगू! तिच्या नवऱ्यालाही तो शब्द येतो, हे तिलाही नव्यानंच कळत होतं. तोंडात घास तसाच धरून ती दिरांकडे बघत होती. माझा निम्मा राग तिथेच निवला.

जेवणं झाल्यावर ती भांडी आवरायच्या निमित्तानं माझ्या मागे आत आली. कढईच्या तळाशी राहिलेली शितं चमच्यानं उकरत म्हणाली, “ताई, हे काळं काळं काय आहे?”

“काळे तीळ,” मी म्हटलं. “तिकडे घालतात ना.”

“आणि वास कसला?”

“अंदाजाचा.”

पुढच्या शनिवारी तिनं खरंच काळे तीळ घातले. चांगले सढळ हातानं, वर खमंग भाजून. मी आनंदानं श्वास रोखून बसले. दिरांनी घास घेतला आणि म्हणाले, “ठीक आहे. पण वहिनींचा काही वेगळाच होता.” जाऊ ताटात बघत राहिली.

तेवढ्यात माझ्या शेजारून ह्यांचा आवाज आला, “वा! आजचा तर मागच्यापेक्षाही छान!”

मी रागारागानं एक घास घेतला. मग दुसरा. तीळ फारच सुंदर लागत होते. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, “वाढ गं अजून थोडा. बरा झालाय.”