लिंबाच्या पाण्यातली नथ

खारी गावातल्या घराच्या पडवीत बसून गिरिजा कालवं फोडते, तेव्हा शिंपल्यावर मधोमध घाव घालत नाही. तिथे मारलं तर शिंपला चिरतो, पण तुटत नाही. तडा आत शिरतो आणि पापुद्र्यांमध्ये वाट चुकून थांबतो. चुन्याचे पातळ थर एकावर एक, मध्ये डिंकासारखं काहीतरी. म्हणून ती कडेची फट शोधते, सुरीचं टोक घालते आणि मनगट फिरवते. लग्न होऊन आल्यापासून तिचे हात हेच करतायत. शिंपल्याला सहजासहजी काही होत नाही, हे त्या हातांना पाठ झालेलं.

घोळ झाला तो यामुळेच. नारळी पौर्णिमेआधी घरातले देव, पितळ, सोनं लिंबू-मिठाच्या पाण्यात टाकून घासायची त्या घरची रीत. सासूबाई शांताबाईंची मोत्यांची नथ मात्र त्या स्वतः ओल्या फडक्याने पुसत. यंदा त्यांचे गुडघे धरले होते, आणि नथ नातीच्या, सान्वीच्या साखरपुड्याला जायची होती. गिरिजाने ती अगदी मनापासून दुपारभर लिंबात बुडवून ठेवली.

बाहेर काढली तेव्हा सोनं लखलखत होतं आणि मोती खडूसारखे झाले होते.

तिने पडवीतला एक शिंपला उचलून त्याच पाण्यात टाकला. त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले. थोड्या वेळाने नखाला पांढरी पूड लागली. घावाला दाद न देणारं कवच आंबटात मुकाट विरघळत होतं. मोती तरी वेगळा कुठे, तसल्याच थरांची गोल गुंडाळी. झळाळी असायची ती वरच्या पापुद्र्यांतच.

संध्याकाळी सिल्व्हर पार्कमधल्या तिच्या फ्लॅटवरून नणंद आली, सान्वीची आई रीमा. गिरिजाने घडलं ते सगळं सांगितलं. रीमाने नथ ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट पाहिली.

"वहिनी, लिंबाने कधी मोती मरतात का? बदललेत ना, सरळ बोल."

गिरिजाने शिंपला पुढे केला. रीमाने तो पाहिलासुद्धा नाही. असले मोती स्टेशनबाहेर ढिगाने मिळतात, म्हणाली.

शांताबाईंनी हात पुढे केला. नथ घेतली, एक मोती पदराला पुसला आणि समोरच्या दातावर हळूच घासला. खरा मोती दाताला बारीक रेतीसारखा लागतो, खोटा गुळगुळीत घसरतो. त्यांनी एकेक करून सगळे मोती तसे पाहिले.

"आपलेच हायत," त्या म्हणाल्या. "बदललं न्हाय कुनी."

गिरिजाच्या जिवात जीव आला, पण तो फार वेळ टिकला नाही. खरे असून फायदा काय, फोटोत असेच दिसणार ना, असं म्हणत रीमा उठली. सान्वीला नवी घेऊ म्हणाली. गिरिजाकडे न बघता, चहा न घेता गेली.

शांताबाई नथ मुठीत धरून बसून राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर गिरिजाला सोपं गेलं असतं.

"आये, चुकलं माझं."

"तुला शिकवलं कुनी व्हतं? मी हात लावू दिला न्हाय कधी." शांताबाईंनी मूठ उघडली. "घे. तुझीच आता."

हे देणं होतं की शिक्षा, गिरिजाला कळेना, आणि विचारायचा धीर होईना. म्हातारीचा हात तसाच ताटकळला होता, म्हणून तिने ओंजळ पुढे केली.